पेंटियम की के-६? एका जुन्या स्पर्धेची गोष्ट

मंडळी, घरात नवा कॉम्प्युटर घ्यायचा म्हटले की आजही पहिला प्रश्न असतो, "कुठला प्रोसेसर घेऊ?" आमची नातवंडे तर या विषयावर भांडतात. म्हणून म्हटले, या भांडणाचा थोडा इतिहास सांगावा. त्यात आपल्या पुण्याचाही एक धागा आहे.

विनोद धाम यांचा जन्म १९५० साली पुण्यात झाला. फाळणीच्या वेळी रावळपिंडीहून आलेले हे कुटुंब. धाम दिल्लीत इंजिनिअर झाले, पुढे अमेरिकेत सिनसिनाटीला शिकले आणि १९७९ साली इंटेलमध्ये लागले. मार्च १९९३ मध्ये इंटेलने पेंटियम बाजारात आणला. त्यात ३१ लाख ट्रान्झिस्टर होते आणि वेग होता ६० व ६६ मेगाहर्ट्‌झ. तो घडवण्यात धाम अग्रभागी होते, म्हणून त्यांना 'पेंटियमचे जनक' म्हणतात.

खरी गंमत पुढे आहे. १९९५ साली धाम इंटेल सोडून नेक्सजेन या छोट्या कंपनीत गेले. लवकरच एएमडीने ती कंपनी विकत घेतली. नेक्सजेनच्या आराखड्यातूनच के-६ तयार झाला आणि एप्रिल १९९७ मध्ये बाजारात आला. पुढच्याच महिन्यात इंटेलने पेंटियम-२ आणला. म्हणजे ज्यांनी पेंटियम घडवला, तेच आता त्याच्या भावंडासमोर दुसरा गडी उभा करत होते!

आता तुलना. दोघांचेही २३३ मेगाहर्ट्‌झचे मॉडेल होते. वेग सारखा, मग काम सारखे का? तर नाही. के-६ मध्ये ८८ लाख ट्रान्झिस्टर, पेंटियम-२ मध्ये ७५ लाख. आकडा पाहून के-६ मोठा वाटतो, पण त्याचे एक कारण म्हणजे त्याच्या पोटातली हाताशी असणारी स्मृती (कॅश) ६४ केबी होती, तर पेंटियम-२ ची ३२ केबी. उलट पेंटियम-२ च्या काडतुसासारख्या डबीत शेजारीच आणखी ५१२ केबीची कॅश बसवलेली होती. पत्रे टाइप करणे, हिशेब मांडणे या कामांत दोघे जवळजवळ बरोबरीने चालत. मात्र 'क्वेक'सारखे त्रिमिती खेळ लावले की के-६ मागे पडे.

याचे कारण वर्गात सांगावे तसे सांगतो. बांधकामावर घमेली हातोहात देणाऱ्या मजुरांची रांग असते. पहिले घमेले वर पोहोचायच्या आत दुसरे निघालेले असते. दशांश अपूर्णांकांची गणिते इंटेलचा प्रोसेसर अशा रांगेने करी. के-६ मध्ये मात्र एक गणित संपले की मगच दुसरे हातात घेतले जाई. खेळातल्या चित्रांना अशी गणिते ढिगाने लागतात. पत्र टाइप करायला ती फारशी लागत नाहीत.

आमच्या एका भाच्याने १९९७ च्या अखेरीस मालाडला छोटे डीटीपीचे काम सुरू केले. लग्नपत्रिका, हँडबिले, शाळांच्या प्रश्नपत्रिका असे ते काम. पैसे मोजके, त्यातले निम्मे उसने. दुकानदार पेंटियम-२ च घ्या म्हणून मागे लागला होता. पण त्यासाठी मदरबोर्डही नवा लागे. के-६ पेंटियमच्याच जुन्या सॉकेटात बसे आणि किंमतही कमी. भाच्याने के-६ घेतला आणि उरलेले पैसे रॅम आणि बऱ्या प्रिंटरवर घातले. त्याचे काम अक्षरे जुळवण्याचे होते, राक्षस मारण्याचे नव्हते! त्या यंत्रावर त्याने उसने पैसे फेडले.

आता मेगाहर्ट्‌झचे. आमच्या मनोरीच्या लोकांना हे पटकन कळेल. मार्वेहून मनोरीला येताना फेरीबोट संथ चालते, पण खाडी लगेच ओलांडते. भाईंदर-उत्तनवरून मोटरसायकल कितीही दामटा, काट्यावर आकडा मोठा दिसेल, पण घरी पोहोचायला उशीरच. मेगाहर्ट्‌झ हा नुसता काटा आहे. एका ठोक्यात काम किती होते, हे तो सांगत नाही.

इंटेलने मात्र पुढे काट्यावरच भर दिला. नोव्हेंबर २००० मध्ये १.४ आणि १.५ गिगाहर्ट्‌झचा पेंटियम-४ आला. त्याची रांग २० टप्प्यांची होती, आणि २००४ मध्ये ती ३१ टप्प्यांवर गेली. रांग लांब असली की ठोके भराभर पडतात, पण प्रोसेसरचा पुढचा अंदाज चुकला तर रांगेतले सगळे टाकून पुन्हा सुरुवात! एएमडीने २००१ साली वेगळी युक्ती केली. १.५३ गिगाहर्ट्‌झच्या अ‍ॅथलॉन एक्सपीला नाव दिले '१८००+'. गिऱ्हाईक आकडाच बघणार, तर आकडा आपणच ठरवू, असा हिशेब. शेवटी उष्णतेपुढे काट्याची शर्यत थकली. ४ गिगाहर्ट्‌झचा पेंटियम-४ काढण्याचा बेत इंटेलने २००४ मध्ये सोडला आणि २००६ साली कमी ठोक्यांचा, पण जास्त काम करणारा कोअर २ ड्युओ आणला.

धाम यांना २०२५ साली पद्मभूषण जाहीर झाला. त्यांच्या कारकिर्दीतले मला सर्वात आवडते ते हे, की त्यांनी बलाढ्य कंपनीसमोर दुसरा पर्याय उभा करायला हातभार लावला. पर्याय आला म्हणून किमतीला लगाम बसला, आणि भाच्यासारख्यांच्या घरात कॉम्प्युटर आला.

असो. नातवंडांनो, आता गाभे आठ की सोळा यावर खुशाल भांडा. पण आधी एका कागदावर लिहा, की यंत्र कशासाठी हवे आहे. मग दुकानात जा.