छाटेची कुळकथा

भिजवलेल्या तेंदूपानावर पत्र्याचा साचा ठेवायचा, कात्रीने पान कापायचं, चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा बांधायचा. भंडारा-गोंदियाच्या गावांत हे काम घरोघरी, मुख्यतः बायकांच्या हातून, पिढ्यान्‌पिढ्या होत आलं. पान-तंबाखू मालकाचा, मजुरी हजार विड्यांवर.

माल जमा करताना मात्र हिशेब बदलायचा. ढिली, आखूड, फाटक्या पानाची विडी मालकाचा मध्यस्थ, म्हणजे सट्टेदार, बाजूला काढी. ती छाट. तिची मजुरी नाही. किती विड्या छाटायच्या, हेही घेणाराच ठरवी. हजाराचा दर सरकारने कितीही वाढवला, तरी ती वाढ इथे गुपचूप काढून घेता येई.

1948 च्या किमान वेतन कायद्यात विडीधंदा पहिल्यापासून होता. जून 1958 मध्ये तत्कालीन मुंबई राज्याने विदर्भातल्या विडीकामगारांचे दर सुधारले आणि त्याच अधिसूचनेत छाटेलाही नियम घातले. हे पाऊल फार मोलाचं होतं, कारण मजुरी नेमकी कुठे गळते हे सरकारने ओळखलं होतं. गोंदियातली विडी-तंबाखू व्यापाऱ्यांची संघटना याविरुद्ध न्यायालयात गेली. 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छाटेची कलमं रद्द केली. किमान वेतन कायद्याखाली सरकारला दर ठरवता येतो, छाटेवरून होणाऱ्या तंट्यांची व्यवस्था लावता येत नाही, असा निकाल लागला.

दर राहिला, गळतीही राहिली.

मग संसदेनेच 1966 मध्ये विडी व सिगार कामगारांचा स्वतंत्र कायदा केला. कच्चा माल, छाट आणि छाटेची मजुरी यांवरचे तंटे सोडवणारा अधिकारी नेमण्याची तरतूद त्यात आली. घरी बसून विड्या वळणारीही कामगार ठरली. पुढे राज्यांच्या नियमांनी छाटेला साधारण शेकडा 5 ची मर्यादा घातली. मालक पुन्हा न्यायालयात गेले. 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला.

हा कायदा आता 2020 च्या श्रमसंहितेत विरला आहे. किमान वेतनाची चर्चा होते ती बहुधा रुपयांच्या आकड्यावर. विडी वळणारीचं उत्पन्न मात्र त्या आकड्याइतकंच छाटेच्या टोपलीवर ठरतं. नव्या नियमांमधून 5 टक्क्यांची ती ओळ गळू देता कामा नये.