बिटमॅप सूचीची ऐतिहासिक वाटचाल : मोजक्या मूल्यांच्या रकान्यांचा प्रश्न

प्रस्तावना :
डेटाबेसमधील लिंग, वैवाहिक स्थिती यांसारख्या रकान्यांत नोंदी लाखोंनी असतात. भिन्न मूल्ये मात्र मोजकीच असतात. अशा रकान्यांसाठी बिटमॅप सूची (इंडेक्स) निवडावी, असा संकेत रूढ आहे. हा संकेत कसा घडला व त्याच्या मर्यादा कोणत्या, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पूर्वपीठिका :
या कल्पनेचे मूळ संगणकपूर्व काळात आढळते. 1940 च्या दशकात इंग्लंडमध्ये बॅटन यांनी पेटंटांच्या शोधासाठी छिद्रांकित कार्डांची पद्धत वापरली. प्रत्येक गुणधर्मास एक कार्ड आणि प्रत्येक दस्तऐवजास कार्डावरील एक ठरावीक जागा, अशी ही योजना होती. कार्डे एकावर एक ठेवून उजेडासमोर धरली असता ज्या छिद्रातून प्रकाश आरपार येई, तो दस्तऐवज सर्व अटी पूर्ण करणारा ठरे.

संगणकयुगातील विकास :
1970 मध्ये बायर व मॅक्‌क्राइट यांनी बी-ट्री ही रचना मांडली. भिन्न मूल्ये पुष्कळ असताना ती उत्तम ठरते. परंतु निम्म्या नोंदी एकाच मूल्याच्या असतील, तर तिचा लाभ उरत नाही. पॅट्रिक ओ'नील यांनी 1987 मध्ये 'मॉडेल 204' या प्रणालीतील बिटमॅप सूचीचे विवेचन केले. दहा लाख नोंदी व दोन मूल्ये असल्यास दोन बिटमॅपना मिळून 2,50,000 बाइट पुरतात. उलट प्रत्येक नोंदीचा पत्ता 6 बाइटचा धरल्यास केवळ पत्त्यांनाच 60 लाख बाइट लागतात. तथापि खरे सामर्थ्य बचतीत नसून अनेक अटींचे बिटमॅप क्षणार्धात एकत्र पडताळण्यात आहे. बॅटन यांच्या कार्डांचे तत्त्व ते हेच.

मर्यादा :
ओरॅकलमध्ये बिटमॅप सूची असलेल्या रकान्यातील एक मूल्य बदलताना सूचीतील अनेक नोंदींचा पट्टा कुलूपबंद होतो. परिणामी अनेकजण एकाच वेळी नोंदी बदलत असतील तेथे कामे खोळंबतात. पोस्टग्रेस्‌क्यूएलने 2005 मधील 8.1 या आवृत्तीत निराळा मार्ग स्वीकारला : साध्या सूचीवरून बिटमॅप तात्पुरता स्मृतीत तयार करावयाचा. दुसरीकडे, लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील वू, ओटू व शोशानी यांनी 2004 मध्ये दाखविले की, योग्य संक्षेपण केल्यास भिन्न मूल्ये पुष्कळ असतानाही बिटमॅप उपयुक्त ठरतो.

निष्कर्ष :
केवळ भिन्न मूल्यांची संख्या हा निवडीचा पुरेसा निकष नव्हे. माहिती मुख्यतः वाचली जाते की सतत बदलते, आणि अटी एकेकट्या येतात की एकत्रितपणे, हे दोन प्रश्न आधी विचारणे इष्ट ठरते.