तांबीच्या आधीचा लूप

आपण सहज म्हणतो, "तांबी बसवली." घरात ऐंशीच्या आसपासची आजी असेल तर तिला विचारून बघा. तिच्या तोंडी शब्द येईल 'लूप'.

लूपला तांबं नव्हतं. ते नुसतं पॉलिथिन होतं, नागमोडी वळणाचं. अमेरिकेतल्या बफलो शहरातले डॉ. जॅक लिप्पेस यांनी १९६२ च्या सुमारास तो पुढे आणला. बारीक नळीत घालताना सरळ व्हायचा, गर्भपिशवीत सुटला की परत आपल्या वळणावर जायचा. भारत सरकारने १९६५ मध्ये तो देशभर सुरू केला, कानपूरला कारखानाही काढला. पहिल्या वर्षभरात आठ लाखांच्या आसपास बायकांनी तो बसवून घेतला.

आता प्लास्टिकच्या तुकड्याने दिवस कसे राहत नाहीत? त्यात औषध नव्हतं. काम करत होतं ते आपलंच शरीर. परकी वस्तू आत आली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिच्यावर धावून जातात. काटा असेल तर पू करून बाहेर ढकलतात. प्लास्टिक ना विरघळत, ना खाता येत. मग त्या पेशी त्याला चिकटून बसतात, काही एकमेकींत मिसळून मोठ्या होतात. मांसात रुतलेल्या प्लास्टिकभोवती शरीर जाड पापुद्रा बांधून त्याला वेगळं पाडतं. गर्भपिशवीच्या पोकळीत तसा पापुद्रा धरत नाही, त्यामुळे ही धुसफूस चालूच राहते. पुरुषबीजाला ते वातावरण मानवत नाही. एवढंच लूपचं गुपित.

पण त्याच धुसफुशीने पिशवीचं अस्तर चिडतं. पाळी जास्त जाते, ओटीपोटात कळा येतात. ज्यांच्या अंगात आधीच रक्त कमी, त्यांना हे झेपेना. दोन-तीन वर्षांत लूप घेणाऱ्यांची संख्या घसरली आणि दोष गेला अफवांवर. अफवा होत्याही, लूप काळजापर्यंत चढतो, असं लोक बोलायचे. पण "फार अंगावरून जातंय" ही काही अफवा नव्हती. उद्दिष्टाचे आकडे गाठायच्या घाईत हे आधी सांगायला आणि नंतर तपासायला पुरेशी माणसंच नेमली नव्हती. माझ्या मते लूप बुडाला तो इथे, बायकांच्या अडाणीपणामुळे नाही.

उपाय निघाला तोही या त्रासाच्या मुळाशी जाऊन. डॉ. हॉवर्ड टेटम यांनी पिशवीच्या आकाराला जुळेल असा इंग्रजी 'टी'सारखा लहान तुकडा केला. प्लास्टिक कमी, म्हणून त्रास कमी. पण चिडही कमी, म्हणून वर्षभरात शंभरातल्या सुमारे अठरा जणींना दिवस राहिले. तेव्हा चिली देशातले डॉ. हाइमे झिपर सशांवर तांब्याचे प्रयोग करत होते. ती तार टीच्या दांड्यावर गुंडाळली. पुढे तांबं वाढवलं, तसा शंभरात अठराचा आकडा एकाच्या आसपास आला.

म्हणजे तांबीच्या आतही प्लास्टिक आहेच. पहिले तीन ते सहा महिने पाळी जास्त जाऊ शकते, ती त्याचीच खूण. त्यापुढेही तसंच चालू राहिलं, चक्कर येऊ लागली, तर नर्सताईंकडे जाऊन रक्त तपासून घ्या. ताप आला किंवा ओटीपोट फार दुखलं तर मात्र एक दिवसही थांबू नका.