गवताची सीमा

पँगाँग म्हटलं की आपल्याकडे लोकांना तीन गोष्टी आठवतात: निळं पाणी, ‘थ्री इडियट्स’चा शेवट आणि डिसेंबर 2024 पासून काठावर उभा असलेला शिवछत्रपतींचा पुतळा. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे माझी नजर पाण्यावर फार वेळ टिकत नाही. मी आधी पाहते ते इथे काय उगवतं आणि कुठे. पँगाँगच्या काठी उगवतं ते गवत, तेही मोजक्या ठिकाणी. या मोजक्या ठिकाणांची यादी केली, तर सरोवराच्या भांडणतंट्यांची अर्धी यादी आपोआप तयार होते.

सरोवर जवळजवळ 134 किलोमीटर लांब आणि रुंदीला जास्तीत जास्त पाचेक किलोमीटर. उंची 4,250 मीटरच्या आसपास. पश्चिमेचा सुमारे तिसरा हिस्सा भारताकडे, उरलेलं तिबेटात. एके काळी हे पाणी पश्चिमेला तांक्सेच्या दरीतून श्योक नदीला आणि पुढे सिंधूला मिळत असे. दरड-गाळाने ती वाट बुजली आणि पाणी अडकलं. बाहेर जायला मार्ग नाही, वरून ऊन आणि वारा, त्यामुळे क्षार साठत गेले. पूर्वेचं पाणी बरंच गोडं, त्यात मासे आहेत. आपल्या बाजूचं मचूळ, त्यात मासे नाहीत.

लुकुंगजवळ ओढा सरोवराला मिळतो, तिथे हा फरक जिभेला कळतो. ओढ्याचं पाणी गार आणि गोड, चार पावलांवरच्या लाटेचं खारट, मागाहून किंचित कडू. ओढ्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या ओलीत गवत होतं, बोटभर उंचीचं, गादीसारखं दाट. त्यात बकऱ्यांच्या लेंड्या, मार्मोटची बिळं आणि चक्रवाकांची एक जोडी. ओल संपली तिथे गवतही संपलं. पुढे नुसते दगड. पाऊस इथे नावालाच पडतो. बर्फ वितळून ओढे उतरतात तिथेच चारा, आणि चारा तिथेच सगळ्यांचा मुक्काम.

हा मुक्काम फार जुना आहे. अलीकडच्या तांक्से गावाजवळ एका खडकावर ख्रिस्ती क्रूस कोरलेले आहेत आणि शेजारी सोग्दियन लिपीतला मजकूर आहे. नवव्या शतकात समरकंदहून तिबेटच्या राजाकडे निघालेल्या माणसांनी तो कोरला. जनावरांना चारा-पाणी मिळेल अशा जागीच तळ पडतो. त्या प्रवाशांनाही ते ठाऊक होतं.

पुढची कित्येक शतकं या वाटेवर मीठ आणि पश्म चालली. चांगपा मेंढपाळ पठारावरच्या खाऱ्या तळ्यांचं मीठ मेंढ्यांच्या पाठीवर लादत, दोन बाजूंना दोन पिशव्या, आणि खालच्या गावांत देऊन त्याच्या बदल्यात जव घेत. मेंढी वाटेत चरत चरत जाई, म्हणून चाऱ्याचा खर्च नाही; पण वाटेत गवत नसेल तर व्यापारही नाही. पश्म म्हणजे कडाक्याच्या थंडीत बकरीच्या अंगावर येणारी आतली मऊ लव, काश्मिरी शालीचा कच्चा माल. तिबेट-लडाख युद्धानंतर 1684 मध्ये तिंगमोसगांगचा तह झाला. त्यात सरोवरापलीकडच्या रुतोकची पश्म कोणी घ्यायची, हे कलम आवर्जून घातलेलं होतं. 1841 मध्ये डोग्रा सेनापती जोरावर सिंग तिबेटात घुसला, त्यामागेही पश्मचा ओघ हातात ठेवणं हे एक मोठं कारण होतं. त्याच हिवाळ्यात तो तिकडे मारला गेला. 1842 च्या तहात हद्द ‘पूर्वापार चालत आली तशी’ राहील असं ठरलं आणि लोकर, शाली, चहा यांचा व्यापार जुन्या रिवाजाने चालू ठेवायचं कबूल झालं. रेघ कुठून जाते, हे कोणी लिहिलंच नाही. तिथल्या लोकांना त्याची गरज वाटली नसावी. कोणाची जनावरं कोणत्या महिन्यात कुठे, हे त्यांना पाठ होतं.

रेघ हवी होती सर्वेक्षकांना. 1863 मध्ये गॉडविन-ऑस्टिन इथे आला, तेव्हा सरोवराच्या मधल्या अरुंद भागाजवळच्या खुर्नाकच्या मैदानावरून वाद असल्याचं त्याने नोंदवलं. तांक्सेचे लोक त्यावर हक्क सांगत. तिथला पडका किल्ला पाहून ऑस्टिनला मात्र ते ल्हासाकडचं वाटलं. किल्ला दगडाचा आणि चराईचा हक्क तोंडी, तेव्हा नकाशा करणारा दगडाकडे झुकला. 1874 मध्ये कुमाऊँच्या मिलम गावचे पंडित नैन सिंग लेहहून ल्हासाला निघाले ते याच सरोवराच्या बाजूने, आणि त्यांच्या मोजणीमुळे पूर्वेकडचा भाग नकाशावर आला.

खुर्नाकचं नाव पुन्हा वर आलं 1958 मध्ये, भारताने चीनला पाठवलेल्या निषेधाच्या पत्रात. ऑक्टोबर 1962 मध्ये उत्तर काठाच्या सिरिजाप ठाण्यावर मेजर धन सिंग थापा आणि त्यांचे गोरखा जवान लढले. तेही काठालगतचं सपाट मैदान. नोव्हेंबरात मेजर शैतान सिंग यांच्या 13 कुमाऊँच्या तुकडीने रेझांग ला लढवली, ती सरोवराच्या दक्षिणेकडच्या चुशूलच्या राखणीसाठी. चुशूलला धावपट्टी होती, कारण दरी रुंद आणि सपाट होती. मेंढपाळांनी शतकानुशतकं जनावरं बसवली ती ही जमीन.

त्या युद्धाने कुरणांचे तुकडे झाले. पलीकडची चराई बंद झाली आणि तिकडून निर्वासित आपले कळप घेऊन अलीकडे आले. गवत तेवढंच, तोंडं जास्त. क्यांग, म्हणजे इथलं रानगाढव, आमचं गवत खातं ही चांगपांची तक्रार आहे. ओल्या कुरणात काळ्या मानेचा क्रौंच घरटं करतो. पुण्याच्या इकॉलॉजिकल सोसायटीच्या प्रकाश गोळ्यांनी 1980 च्या दशकात लडाखमध्ये त्याचा अभ्यास केला. त्याच्या अंड्यांना आणि पिल्लांना आज मोठा धोका आहे तो मोकाट कुत्र्यांचा. छावण्या आणि पर्यटकांच्या उष्ट्या-खरकट्यावर ती पोसली जातात. उजनी-जायकवाडीला आपण हिवाळ्यात पाहतो ते पट्टकादंब हंसही उन्हाळ्यात याच पठारावर, ओलीच्या आणि बेटांच्या आधाराने वीण करतात.

2020 च्या भारत-चीन संघर्षाने ‘फिंगर चार’, ‘फिंगर आठ’ ही उत्तर काठावरच्या डोंगरसोंडांची नावं घरोघरी पोचली. फेब्रुवारी 2021 मध्ये दोन्ही सैन्यं मागे सरली आणि मधल्या पट्ट्यात गस्त थांबली. रणगाडे परतल्याची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली. हिवाळी कुरणांपर्यंत जाता येत नाही हे चुशूल भागातल्या मेंढपाळांचं गाऱ्हाणं मात्र आतल्या पानावर छापून आलं. माझ्या मते ती पहिल्या पानाची बातमी होती. ज्या कुरणात मेंढपाळ दर हिवाळ्यात जातो, ते आपलं आहे याचा पुरावा दरवर्षी नव्याने तयार होतो. जाणं थांबलं की उरतो फक्त कागद, आणि कागद पलीकडच्यांकडेही आहेत. म्हणून सीमेच्या वाटाघाटींची बातमी आली की मी डोंगरांचे आकडे सोडून देते आणि आधी शोधते, या हिवाळ्यात बकऱ्या कुठवर गेल्या.