दुभाष्या यंत्राची पुंजी



बाळशास्त्री जांभेकरांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईंत ‘दर्पण’ पत्र सुरू केलें. त्यांत दोन स्तंभ शेजारीं शेजारीं असत. एक इंग्रजी, एक मराठी. दोन्ही माणसांनीं लिहिलेले, आणि मजकुराबद्दल जाब कोणाला विचारावयाचा हेंही वाचकाला ठाऊक. आज संकेतस्थळ चालविणारा गृहस्थ आपल्या पानांत दोनचार ओळींची सूचना घालून ठेवतो. वाचक एक कळ दाबतो आणि इंग्रजी मजकूर डोळ्यांदेखत मराठी होतो. हा दुसरा स्तंभ कोणीं लिहिला, हें पाहावयाचें तर या यंत्राचा इतिहास थोडा उलगडला पाहिजे.

१९४९ च्या जुलैमध्यें अमेरिकेंतील रॉकफेलर प्रतिष्ठानचे वॉरन वीव्हर यांनीं एक टिपण शास्त्रज्ञांत फिरविलें. महायुद्धांत शत्रूची गुप्तलिपि उकलण्याचें काम यशस्वी झालें होतें. तेव्हां रशियन ग्रंथ म्हणजे चमत्कारिक चिन्हांत लपविलेला इंग्रजी ग्रंथच कां मानूं नये, असा त्यांचा प्रश्न. कल्पना मोठी मोहक होती. ७ जानेवारी १९५४ रोजीं न्यूयॉर्क येथें जॉर्जटाउन विद्यापीठ व आयबीएम कंपनी यांनीं तिचा जाहीर प्रयोग केला. रशियन भाषेचा गंध नसलेल्या एका मुलीनें रोमन लिपींतील वाक्यें यंत्राला भरविलीं आणि यंत्रानें इंग्रजी वाक्यें छापून दिलीं. वृत्तपत्रें दिपून गेलीं! यंत्राची विद्या मात्र २५० शब्द आणि ६ नियम एवढीच होती, व साठांवर वाक्यें तिच्या बेतानेंच निवडलेलीं होतीं. न्युरेंबर्गच्या खटल्यांत दुभाष्यांची व्यवस्था लावणारे लिऑन दोस्तेर या प्रयोगाचे प्रमुख. तीन ते पांच वर्षांत काम साधेल, असा त्यांचा होरा. बारा वर्षांनीं, १९६६ सालीं, जॉन पिअर्स यांच्या समितीनें निकाल दिला: यंत्राचें भाषांतर माणसाच्या भाषांतराहून मंद, सदोष आणि दुपटीनें महाग. सरकारी पैशाचा झरा आटला.

पुढचीं दोन पावलें कॅनडाशीं निगडित आहेत. तेथें इंग्रजी व फ्रेंच या दोन्ही राजभाषा. १९७७ पासून पुढें चोवीस वर्षें हवामानाचे अंदाज ‘मेतेओ’ नांवाचें यंत्र भाषांतरित करीत असे, आणि उत्तम करीत असे. ‘दुपारीं ढगाळ, वायव्येचा वारा’ हें वाक्य कोणी उपहासानें लिहीत नाहीं. क्षेत्र अरुंद म्हणून यश पूर्ण. दुसरें पाऊल याहून मोठें. १९९० च्या सुमारास आयबीएमच्या शास्त्रज्ञांनीं व्याकरणाचे नियम बाजूला ठेवले आणि कॅनडाच्या संसदेचे दोन्ही भाषांतील छापील वृत्तांत यंत्रापुढें ओतले. कोणत्या इंग्रजी शब्दासमोर कोणता फ्रेंच शब्द किती वेळां येतो, हें यंत्रानें मोजलें आणि त्यावरून भाषांतर केलें. म्हणजे त्याची सारी विद्या त्या वृत्तांतांच्या अनामिक अनुवादकांची! इतिहासांत त्यांचें नांव नाहीं, तें असावें असें मला वाटतें.

१९९७ च्या डिसेंबरांत आल्टाव्हिस्टा या शोधयंत्रानें ‘बेबल फिश’ ही सोय सर्वांना फुकट दिली. ती अद्याप जुन्या नियमांवरच चालत होती. गूगलनें २००६ मध्यें मोजणीचा मार्ग धरला आणि २००९ मध्यें कोणत्याही संकेतस्थळावर बसवितां येणारी कळ दिली. मराठीची पाळी २०१३ सालीं आली. २०११ च्या जनगणनेप्रमाणें आठ कोटींवर लोकांची मातृभाषा. पण यंत्र बोलणारे मोजत नाहीं, भाषांतरित वाक्यांच्या जोड्या मोजतें, आणि त्या आपणांपाशीं थोड्या. २०१६ नंतर रीत पालटली, भाषांतर पुष्कळ सुधारलें. तथापि भूक तीच राहिली.

इंग्रजी ‘यू’ म्हणजे तूं, तुम्ही कीं आपण? ‘आय वेंट’ म्हणणारा पुरुष कीं स्त्री? मूळांत हें लिहिलेलें नसतें. यंत्र अंदाज करतें, आणि आजोबांना बेधडक ‘तूं’ म्हणून मोकळें होतें. हें हंसण्यावारीं नेतां येईल. परंतु न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांत औषधांच्या स्पॅनिश चिठ्ठ्या यंत्राकडून करून घेत, त्यांची तपासणी २०१० सालीं प्रसिद्ध झाली, तेव्हां निम्म्या चिठ्ठ्या सदोष आढळल्या. ‘दिवसांतून एकदां’ यांतील इंग्रजी ‘वन्स’ तसाच राहिला, तर त्याच अक्षरांचा स्पॅनिश अर्थ अकरा होतो. म्हणून कळ बसविणारानें मूळ मजकूर शेजारींच ठेवावा, भाषांतर यंत्राचें आहे असें स्पष्ट लिहावें, आणि औषध, कायदा, पैसा यांविषयींचा मजकूर माणसाच्या नजरेखालून घालावा.

याहून खोल अडचण वेगळीच आहे. यंत्राचें भाषांतर संकेतस्थळावर कायमचें मांडून ठेवलें, कीं उद्यां तेंच यंत्र तें माणसाचें समजून शिकावयास घेतें. २०११ सालीं गूगलच्या संशोधकांनीं आपल्याच यंत्राचें लिखाण ओळखतां यावें म्हणून त्यांत छुपी खूण घालण्याची रीत प्रसिद्ध केली, ती याच भयानें. त्यानंतर, २०२४ सालीं, इंटरनेटवरील वाक्यें ताडून पाहणाऱ्या संशोधकांना असें दिसलें कीं, जीं वाक्यें एकाच वेळीं अनेक भाषांत सांपडतात, तीं बहुधा यंत्रानेंच केलेलीं आणि हिणकस असतात. आणि ज्या भाषांची इंटरनेटवरील पुंजी मुळांतच थोडी, त्यांच्यांत असल्या वाक्यांचा वाटा सर्वांत मोठा.