चांदी तीच, ठसा नवा

१९०६ साली नाशिक जिल्ह्यात, गोदावरीकाठच्या जोगलटेंभी गावी चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी थोडीथोडकी नव्हे, तेरा हजारांवर होती आणि सगळी क्षहरात क्षत्रप नहपान याची. एका बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपीत त्याचं नाव. पण त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नंतर कुणीतरी पुन्हा ठसा मारला होता. नहपानाच्या चेहऱ्यावर आता तीन कमानींचा डोंगर उमटला होता आणि त्याभोवती नाव होतं गौतमीपुत्र सातकर्णीचं. मागच्या बाजूला उज्जैन चिन्ह होतं.

अशा नाण्यांना पुनर्मुद्रांकित नाणी म्हणतात. गौतमीपुत्राने ती वितळवली का नाहीत? कारण अगदी व्यवहारी आहे. वितळवायचं तर भट्टी, इंधन, कारागीर आणि वेळ लागतो, शिवाय थोडी चांदीही वाया जाते. नाणं आधीच ठरावीक वजनाचं आहे, बाजाराला त्याची सवय आहे. मग चांदी तीच ठेवून फक्त मालक बदलायचा. एक घाव घातला की काम झालं.

पण घाईत मारलेला ठसा सगळं झाकत नाही. अनेक नाण्यांवर डोंगराच्या कडेने नहपानाचं नाक, हनुवटी किंवा एखादं ग्रीक अक्षर डोकावतं. जिंकणाऱ्याला हे चाललं असावं. हरलेला खाली दिसत राहिला, तरच वर कोण बसलंय ते कळतं. इतिहासकारांना मात्र याचा मोठा फायदा झाला. कोण आधी, कोण नंतर, याचा यापेक्षा सरळ पुरावा कुठला? खालचा ठसा आधीचा, वरचा नंतरचा.

आता हा नहपान कोण? शाळेत आपण ‘परकीय शक’ एवढंच वाचलेलं असतं. क्षत्रप ही पदवी इराणकडची, यात शंका नाही. पण नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात त्याचा जावई उषवदात याचे लेख आहेत, ते वाचले की चित्र बदलतं. हा शक माणूस ब्राह्मणांना गाई आणि गावं दान देतो, नाशिकजवळच्या या त्रिरश्मी डोंगरात बौद्ध भिक्खूंसाठी लेणं कोरवून घेतो, तापी, दमण, डहाणू अशा नद्यांवर लोकांना फुकट नावेची सोय करतो. भिक्खूंच्या कपड्यालत्त्यासाठी तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेण्यांकडे ठेवतो. दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार दुसरीकडे पाऊण टक्क्याने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. आपल्या वाचकांना हे ऐकताच वक्फ आठवेल. मूळ धन राखून त्याचं उत्पन्न दानात लावायची कल्पना या डोंगरात इस्लामच्या कितीतरी आधी कोरलेली आहे.

मग युद्ध झालं आणि क्षहरात हरले. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. तिच्या नातवाच्या, पुळुमावीच्या, १९व्या राज्यवर्षात तो कोरला गेला. त्यात ती आपल्या मुलाला शक, यवन आणि पल्हव यांचा नाश करणारा, क्षहरात वंश निःशेष करणारा म्हणते. पल्हव म्हणजे पार्थियन. त्या पार्थियाचा राजा पहिला वोनोनेस याने तर थेट नाण्यावरच, विजयदेवतेच्या चित्राशेजारी, आपण आर्तबानाला हरवल्याची घोषणा छापली होती. थोड्याच वर्षांत आर्तबानाने त्याला हाकलून लावलं. नाण्यावरचा विजय आणि मैदानावरचा विजय नेहमी एक नसतो.

त्याच तिसऱ्या लेण्यात खुद्द गौतमीपुत्राचा, १८व्या वर्षाचा हुकूम आहे. विजयी सैन्याच्या तळावरून तो कळवतो की, आजवर उषवदाताकडे असलेलं दोनशे निवर्तनांचं शेत आता त्रिरश्मीच्या भिक्खूंना द्यावं. म्हणजे जमिनीवरही नवा ठसा. पण सहा वर्षांनी दुसरा हुकूम निघाला. ते शेत कुणी कसत नाही, गावात वस्तीही उरलेली नाही, म्हणून भिक्खूंना नगराच्या सीमेवरची दुसरी जमीन द्यावी. गाव का उठलं ते लेख सांगत नाही. कागदावर मालक बदलला, तरी नांगर धरायला माणूस लागतो.

आणि निःशेषाचं काय झालं? क्षहरात गेले, पण शकांचंच दुसरं घराणं, कार्दमक, पुढे आलं. त्यांचा महाक्षत्रप रुद्रदामन जुनागढच्या लेखात सांगतो की, आपण सातकर्णीला दोनदा हरवलं, पण जवळचं नातं असल्याने त्याचा नाश केला नाही. कान्हेरीच्या लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी महाक्षत्रपाची मुलगी आहे. दोन्ही घराणी सोयरी झाली. पुढच्या सातवाहनांनी तर चांदीच्या नाण्यांवर स्वतःचे चेहरे छापले, क्षत्रपांच्याच धाटणीचे.

मुस्लिम इतिहासातही असाच एक टप्पा आहे. ६५१ साली शेवटचा सासानी सम्राट यझ्दगिर्द मारला गेला. पण इराणात अरबांनी काढलेल्या दिरहमांवर सासानी राजाचा चेहरा आणि अग्निवेदी तशीच राहिली. फक्त कडेला अरबीत ‘बिस्मिल्लाह’ आलं. खलिफा अब्दुल मलिक याने हिजरी ७७ साली चित्र नसलेला, फक्त अक्षरांचा दिनार काढला, तोवर पन्नासेक वर्षं गेली होती. राज्य एका लढाईत बदलतं. बाजार, भाषा आणि सवयी त्या वेगाने बदलत नाहीत.

आज आपल्याकडे गावांच्या, शहरांच्या पाट्या बदलतात. कुणाला आनंद होतो, कुणाच्या मनाला लागतं. दोन्ही भावना खऱ्या आहेत. मी जोगलटेंभीची नाणी आठवतो, ती कुणाची बाजू घ्यायला नाही. ती एवढंच सांगतात की ठसा बदलणं सोपं असतं आणि खालचं पुसणं फार कठीण. शिवाय आज ज्याला आपण मूळचा ठसा समजतो, त्याच्याही खाली बहुतेक आणखी एखादा असतो.

नहपानाच्या नाण्यांवर घाव घालणाऱ्या त्याच राजवटीने दहाव्या लेण्यातल्या लेखांवर मात्र छिन्नी चालवली नाही. दान पूर्वीच्या शत्रूचं होतं, तरी दानच होतं. तिथे उषवदाताची बायको दक्षमित्रा हिने दिलेल्या खोलीचाही लेख आहे. त्यात ती आपली ओळख देते, क्षहरात क्षत्रप राजा नहपानाची मुलगी. बापाचा चेहरा हजारो नाण्यांवर ठेचला गेला. मुलीने दगडात लिहिलेलं त्याचं नाव आजही नाशिकला वाचता येतं.