उड्डाण सिम्युलेटरचे हवामान अ‍ॅड-ऑन

घरच्या संगणकावरील उड्डाण सिम्युलेटरला बाहेरून जोडायचे सॉफ्टवेअर. खऱ्या नोंदी उतरवून घेऊन ते सिम्युलेटरमधले वारे, ढग, तापमान, दृश्यमानता आणि वायुदाब बदलत ठेवते. सिम उडवणारे त्याला ‘वेदर इंजिन’ म्हणतात. ढगांची आणि आकाशाच्या रंगांची सुधारित चित्रे देणारी पॅकेजेसही हवामान अ‍ॅड-ऑन म्हणूनच विकली जातात, पण त्यांनी आभाळ फक्त देखणे होते. वेदर इंजिन बसले की विमान हाकण्याची रीतच बदलते. या नोंदीतली उदाहरणे अमरावती जिल्ह्यातल्या वरूडच्या आकाशातली आहेत, कारण या सॉफ्टवेअरची ताकद आणि मर्यादा दोन्ही तिथे स्पष्ट दिसतात.

पूर्वपीठिका : मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरची पहिली आवृत्ती १९८२ची. प्रत्यक्षातले हवामान इंटरनेटवरून उतरवून घेण्याची सोय त्यात ‘२०००’ या आवृत्तीपासून आली आणि २००३च्या आवृत्तीत ढगांना खोली मिळाली. २००६ची ‘एफएसएक्स’ ही आवृत्ती मात्र हवामान केंद्रांच्या हद्दी पाळून चाले. एका केंद्राची हद्द ओलांडून दुसऱ्याच्या हद्दीत शिरताना वारा क्षणात फिरे आणि सरळ चाललेले विमान हिसका खाई. ‘अ‍ॅक्टिव्ह स्काय’, ‘रेक्स’, ‘ओपस’ यांसारखी अ‍ॅड-ऑन लोकप्रिय झाली त्यात या हिसक्याचा मोठा वाटा आहे. वाऱ्याचा बदल हळूहळू घडवून आणणे हे त्यांचे पहिले काम होते. एक्स-प्लेन १२ आणि २०२०चे मायक्रोसॉफ्ट सिम्युलेटर यांनी मूळ कार्यक्रमातलेच चालू हवामान बरेच सुधारले. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी ‘मीटिओब्लू’ या स्वित्झर्लंडमधील कंपनीची प्रारूपे घेतली. त्यामुळे अ‍ॅड-ऑनची गरज कमी झाली, पण संपली नाही. फ्लाइटगिअर हा मोफत, मुक्तस्रोत सिम्युलेटरही चालू नोंदी स्वतःच वाचतो. खर्च न करता हा विषय शिकायचा असेल त्याने तिथूनच सुरुवात करावी.

नोंदी कुठून येतात : मुख्य आधार ‘मेटार’ हा विमानतळावरचा संक्षिप्त हवामान अहवाल. नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळाचा (सांकेतिक नाव व्हीएएनपी) अहवाल दर अर्ध्या तासाने निघतो. त्यातली वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. आपल्या घड्याळासाठी साडेपाच तास मिळवायचे. समजा, अहवालात ‘२७०१५’, ‘४०००’ आणि ‘क्यू १००२’ असे आकडे आहेत. वारा पश्चिमेकडून १५ नॉटने, दृश्यमानता ४००० मीटर आणि समुद्रसपाटीला आणलेला दाब १००२ हेक्टोपास्कल, असा त्यांचा अर्थ. मेटारमध्ये वारा असतो तो जमिनीलगतचा. वरच्या थरांतले वारे आणि तापमान घ्यायला सॉफ्टवेअर बहुधा अमेरिकेच्या ‘जीएफएस’ या जागतिक प्रारूपाकडे वळते. हे प्रारूप दिवसातून चार वेळा नव्याने चालवतात. त्याची चौकट पाव अंशाची, म्हणजे आपल्या अक्षांशावर साधारण २६ ते २८ किलोमीटरची असते.

वरूडचे आकाश : वरूडला विमानतळ नाही, म्हणून मेटारही नाही. नागपूरचा हाच विमानतळ (सोनेगाव) आणि अमरावतीचा बेलोरा विमानतळ हे दोन्ही वरूडपासून सरळ रेषेत सुमारे ९० किलोमीटरवर. अकोल्याचा शिवणी सुमारे १५० वर. बेलोऱ्याहून मुंबईची नियमित विमानसेवा १६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झाली. लहान विमानतळांचे अहवाल चोवीस तास मिळतीलच असे नाही. ते नसतील तेव्हा वरूडवरच्या हवामानाचा भार एकट्या नागपूरवर पडतो. दोन्हीकडचे असतील तेव्हा सॉफ्टवेअर अंतराच्या प्रमाणात त्यांची सरासरी काढते. अंतरे जवळजवळ सारखी, म्हणून वरूडच्या वाट्याला निम्मे नागपूर आणि निम्मी अमरावती येते.

ही सरासरी हिवाळ्यातल्या शांत सकाळी खरी वाटते. पावसाळ्यात ती फसते. दोन्ही निरीक्षणे सपाटीवरची आहेत आणि वरूड सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. उत्तरेला मुलताईकडे जमीन चढत जाते, वर्धा नदी तिकडूनच उतरते, आणि जुलैतले ढग त्या चढावर थबकतात. जीएफएसच्या एका चौकोनात वरूड, शेंदूरजना घाट आणि मागचे डोंगर असे सगळे एकत्र मावतात. म्हणून सिममध्ये डोंगरावरचा ढग आणि संत्र्याच्या बागेवरचा ढग एकाच उंचीवर लागतो. हा दोष कोणत्याही एका कंपनीचा म्हणता येत नाही. मेटार देणारे ठाणेच मध्ये नाही.

तरीही हे उड्डाण करून पाहण्यासारखे आहे. सोनेगावहून सेसना १७२ घेऊन पश्चिम-वायव्येला निघाले की अर्ध्या तासात वरूड येते. तिथून नैऋत्येला वळले की मोर्शीजवळ सिंभोऱ्याचे अप्पर वर्धा धरण खाली पसरलेले दिसते आणि पुढे बेलोरा. वरच्या उदाहरणातला पश्चिमेचा १५ नॉट वारा नागपूरच्या ३२ क्रमांकाच्या धावपट्टीवर सुमारे साडेअकरा नॉटचा आडवा वारा होतो. सेसनासाठी कंपनीने दाखवून दिलेला आडवा वारा १५ नॉटचा, तेव्हा उड्डाण जमते, पण पायातली पेडल ढिली सोडून चालत नाही. वाऱ्यामुळे वरूडपर्यंत नाक डावीकडे आणि तिथून पुढे उजवीकडे ठेवावे लागते. किती ठेवायचे हे हिशेबाने काढून मग सिममध्ये पडताळणे, हा अभ्यास वारा नसलेल्या तयार हवामानात होऊच शकत नाही.

उष्णता : वऱ्हाडातल्या माणसाला सर्वांत जवळचा वाटावा असा भाग हा आहे. सिम्युलेटरचे ‘निरभ्र’ हे तयार हवामान प्रमाण वातावरण धरते. त्यात नागपूरच्या सुमारे १००० फूट उंचीवर तापमान १३ अंश निघते. मे महिन्यात नागपूर-वरूडकडे ४४ अंश ही रोजची गोष्ट. तापमान ४४ आणि दाब १००२ धरून घनता-उंची काढली तर ती सुमारे पाच हजार फूट निघते. विमान सोनेगावला उभे आहे, पण पंखांना आणि इंजिनाला मिळणारी हवा चिखलदऱ्यापेक्षाही उंच ठिकाणाइतकी विरळ आहे. धावपट्टी जास्त लागते, चढ मंदावतो. दुपारी तापलेल्या काळ्या जमिनीवरून उठणारे झोत विमानाला खालीवर करतात, आणि वावटळींनी उडालेल्या धुळीत क्षितिज हरवते. चांगले वेदर इंजिन यातले तापमान आणि दाब अचूक देते, धूसरपणा बऱ्यापैकी देते. झोत मात्र अंदाजाने घडवते. घरी शिकणाऱ्याने एकच उड्डाण जानेवारीत आणि मेमध्ये करून चढाचा वेग वहीत लिहून ठेवावा. काही अ‍ॅड-ऑनमध्ये मागील तारखेचे हवामान लावता येते, त्यामुळे त्यासाठी ऋतूची वाट पाहावी लागत नाही.

दाब लावण्याची सवयही वेदर इंजिनमुळेच लागते. उंचीमापकावर १०१३ तसाच राहिला आणि बाहेर १००२ असेल, तर प्रत्येक हेक्टोपास्कलमागे सुमारे २८ फूट या हिशेबाने विमान दाखवलेल्या उंचीपेक्षा ३०० फूट खाली असते. ‘व्हॅटसिम’सारख्या २००१पासून चालणाऱ्या ऑनलाइन जाळ्यात माणूस नियंत्रक म्हणून बसलेला असतो आणि तो मेटारमधला दाब सांगतो. वैमानिकाचे सॉफ्टवेअर जुनी नोंद वापरत असेल तर दोघांचे आकाश वेगळे पडते.

जोडणी : मेटारचा मजकूर अगदी थोडा असतो, त्यामुळे मोबाइलच्या नेटवरही वेदर इंजिन सुरळीत चालते. जड असतात ती ढगांची चित्रे आणि २०२०नंतरच्या सिम्युलेटरमधली नेटवरून येणारी भूदृश्ये. तालुक्याच्या गावी वीज आणि नेट दोन्ही मध्येच जातात. नेट गेले तर बहुतेक इंजिने शेवटची उतरवलेली नोंद धरून पुढे चालतात. मूळ कार्यक्रमाचे चालू हवामान आणि अ‍ॅड-ऑन ही दोन्ही एकाच वेळी सुरू ठेवू नयेत. दोघे एकमेकांचे ढग पुसत राहतात.

गारपीट : मेटारमध्ये गारांसाठी स्वतंत्र खूण आहे, पण ती विमानतळावर गारा पडल्या तरच लागते. फेब्रुवारी-मार्च २०१४मध्ये विदर्भ-मराठवाड्याला झोडपणाऱ्या गारपिटीसारखे संकट संत्र्याच्या आंबिया बहाराच्या झाडांवर कोसळते तेव्हा ते एका गावावर येते आणि शेजारचे गाव कोरडे राहते. सिममध्ये त्या जागी फार तर एक गडगडाटी ढग दिसेल. ‘महावेध’ प्रकल्पाने राज्यात महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली आहेत. पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा या नोंदी तिथे बांधाजवळच होतात. त्या पीक विम्याच्या आणि शेतीसल्ल्याच्या कामी येतात. मेटारच्या जाळ्यात त्या जात नाहीत, म्हणून वेदर इंजिन त्या वाचत नाही.